शमशोनाचा दाखला अर्धाच का सांगता?

गेले काही आठवडे सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: ज्याच्या प्रार्थनेने आजारी बरे होतात त्याच्या स्वभावाकडे पाहू नये, कारण कृपादान (आजार बरे करण्यासारखी देवाने दिलेली विशेष शक्ती) हाच देवाच्या पसंतीचा पुरावा आहे, देवाने बायबलमधल्या बलाढ्य पण वर्तनाने घसरलेल्या शमशोनालाही वापरले, आणि ‘माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका’ असे शास्त्रच सांगते. आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या दोन वडीलजनांनीही तो पुढे पाठवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कृपादान हा पसंतीचा पुरावा असता, तर करिंथची मंडळी आदर्श ठरली असती. प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो की तुम्ही कोणत्याही कृपादानात उणे नाही, आणि तिसऱ्या अध्यायात त्याच लोकांना दैहिक, ख्रिस्तातली बाळे म्हणतो. पाचव्या अध्यायात एकाने बापाची बायको ठेवल्याचे प्रकरण येते, सहाव्यात भावाभावांचे कोर्टकज्जे येतात (सामाईक बागेच्या वाटणीपायी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या लोकांना हा अध्याय वेगळा समजावून द्यावा लागू नये), आणि अकराव्यात प्रभुभोजनाच्या वेळी एक जण उपाशी तर दुसरा प्यालेला असतो. अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषांत बोलणे) मात्र या सगळ्या काळात चालूच होत्या. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तर ज्यांनी प्रभूच्या नावाने संदेश दिले, भुते काढली आणि अद्भुत कृत्ये केली, त्यांनाच ‘मला तुमची कधीच ओळख नव्हती’ हे ऐकावे लागते. त्यांची कृत्ये खोटी होती असे प्रभू तिथे म्हणत नाही. तो त्यांच्या अनाचाराकडे बोट दाखवतो. खोटे संदेष्टे कशावरून ओळखावेत, हे त्याच अध्यायात काही ओळी आधी येते, आणि तिथे शब्द आहे फळ.

दान एका दिवसात मिळते, फळाला मात्र काळ लागतो, आणि हा फरक हापूसच्या मुलखात तरी अवघड वाटू नये. कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहोर दिसू लागतो, पण जाणता बागायतदार तो खुडून टाकतो, कारण झाड भरण्याआधी फळ धरले तर ते खचते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा असे म्हटले आहे ते याच धोरणाने. ती संपूर्ण यादी वाचून पाहावी: मद्यपी नसावा, मारका नसावा, द्रव्यलोभी नसावा, स्वतःचे घर नीट चालवणारा असावा. कौशल्य म्हणावे असे तिथे एकच आहे, ते म्हणजे शिकवण्याची हातोटी. रोग बरे करण्याचा उल्लेखसुद्धा नाही.

शमशोनाबद्दल फार लिहायला नको. देवाने त्याला वापरले हे खरे, पण बायबलच्या शास्ते या पुस्तकातले 16:20 हे वचन संदेश लिहिणाऱ्याने गाळले आहे: परमेश्वर आपल्याला सोडून गेला आहे हे त्याला कळलेच नाही. त्यानंतर त्याचे डोळे काढले गेले आणि गज्जाच्या तुरुंगात तो दळण दळत बसला.

राहिला ‘अभिषिक्त’. स्तोत्र 105 मधले हे वचन अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याविषयी आहे. संख्येने थोडे असलेल्या त्या परक्या, भटक्या कुळाला छळू नका, असे देव राजांना दटावतो. दुबळ्यांच्या रक्षणासाठी आलेले वाक्य बलवानाच्या बचावाला जुंपायचे, ही मला या संदेशातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते. दावीद तर खराखुरा अभिषिक्त राजा होता, तरी नाथान संदेष्ट्याने त्याच्या पापाबद्दल त्याला तोंडावर ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे सुनावले.

आद्य मंडळीलाही हा प्रश्न नवा नव्हता. ‘दिदाखे’ या प्राचीन ग्रीक पुस्तिकेत (तिची जवळपास संपूर्ण प्रत 1873 साली कॉन्स्टॅन्टिनोपलला सापडली) फिरत्या संदेष्ट्यांसाठी रोखठोक नियम आहेत: आत्म्यात बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नव्हे, ज्याची वागणूक प्रभूसारखी तोच संदेष्टा, आणि निघताना जो पैसे मागतो तो खोटा.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या सभेला बाहेरून एक प्रचारक आले होते. त्यांच्या प्रार्थनेनंतर माझ्या शेजारच्या काकींची पाठदुखी खरोखर थांबली. मी ते पाहिले आहे आणि ते नाकारणार नाही, कारण संदेशांचा धिक्कार करू नका, पण सर्व गोष्टींची पारख करा, असे थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात एका दमात म्हटले आहे. याच गृहस्थांनी निघताना काकांच्या बागेतल्या हापूसच्या चार पेट्या उधारीवर गाडीत टाकल्या. काकांनी तीनदा फोन केला, तेव्हा उत्तर आले, ‘प्रभू तुम्हाला शंभरपट देईल.’ काकांनी वहीतली ती ओळ अजून खोडलेली नाही. यंदा त्याच प्रचारकांना पुन्हा बोलावण्याचे घाटते आहे आणि रविवारी उपासनेनंतर वडीलजनांची बैठक आहे. काकांची परवानगी घेऊन ती वही मी सोबत नेणार आहे.