देवघेव विभागात पाच मिनिटं

आमच्या घरात वाचणारं माणूस एकच, आई. वय अठ्ठ्याहत्तर. आठवड्याला दोन कादंबऱ्या, दिवाळीत अंकांचा खुराक वेगळा. माझ्याकडे हमाली. शनिवारी पिशवी उचलायची, तालुक्याच्या वाचनालयात जायचं, जुनी पुस्तकं देवघेवीच्या टेबलावर ठेवायची आणि आईच्या चिठ्ठीतली घेऊन यायची. काम पाच मिनिटांचं. निदान घरून निघताना तरी ते पाच मिनिटांचंच असतं.

पण टेबलामागे ग्रंथपालबाई बसतात.

बाई गुणी आहेत हे आधीच कबूल करून टाकतो, कारण हा लेख त्या वाचणारच. रत्नागिरी जिल्ह्याबद्दल छापलेलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. वाण्याने बांधून दिलेली पुडीसुद्धा त्या सोडवून, डाळ डब्यात ओतून, कागद वाचून मगच टाकतात. दर 12 ऑगस्टला भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतात आणि त्यांचे 1931 सालचे पाच नियम फळ्यावर लिहितात. ग्रंथ वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. यातला चौथा नियम कुणीतरी घरी नेला असावा. तो अजून जमा झालेला नाही.

तिसऱ्यावर मात्र बाईंची श्रद्धा जबर. वीस-वीस वर्षं कुणी हात न लावलेली पुस्तकं असतात, त्यांच्यासाठी बाई सतत स्थळं बघत असतात. आणि मी दर शनिवारी आपल्या पायांनी समोर येऊन उभा.

एकदा बोलण्याच्या ओघात मी विचारलं, बाजारातली ती विहीर किती जुनी हो? हा प्रश्न मी का विचारला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बाहेर स्कूटरच्या हुकाला सहा बांगडे लटकत होते. बाईंनी शिपायाला हाक मारली आणि आतल्या कपाटातून कापडात गुंडाळलेला एक ठोकळा आला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाचा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडी, साल 1880. कापड सोडताच डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की माझी सर्दी जागच्या जागी बरी झाली. विहीर शोधता शोधता आम्ही बंदरांवर गेलो, बंदरांवरून पिकांवर, पिकांवरून खोतांवर. विहीर काही सापडली नाही. पण बाई तोवर रत्नागिरीत पोचल्या होत्या आणि रत्नागिरीत पोचलेला माणूस थिबा राजाला भेटल्याशिवाय परत येत नाही. ब्रह्मदेशाचा हा राजा 1886 साली रत्नागिरीत स्थानबद्ध होऊन आला, राजवाड्यात राहायला जायला त्याला 1910 उजाडलं आणि 1916 साली तो तिथेच वारला. ही तीस वर्षं बाईंनी मला साधारण तेवढ्याच वेळात सांगितली. राजाच्या अंत्यसंस्कारापर्यंत आम्ही आलो तेव्हा बाहेर मांजरांनी बांगडे उरकले होते.

घरी आईने विचारलं, ‘मासे?’ मी म्हटलं, ‘थिबा.’ तिला लगेच कळलं.

पुढे बाईंनी मला रीतसर सभासद करून घेतलं. सरकारी वर्गवारीत वाचनालय ‘ब’ वर्गात आहे आणि बाईंना ‘अ’ वर्ग हवा. त्यासाठी पुस्तकं, सभासद, सगळं मोजलं जातं. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं आहे, हे सांगताना बाईंचा सूर शेजारणीकडे नवा फ्रीज आल्यासारखा लागतो. मी अनामत भरली, वर्गणी भरली. माझा समज असा की काम फक्त सही करण्याचं आहे.

‘आता पुस्तक न्या,’ बाई म्हणाल्या.

‘आईसाठी नेतोच की.’

‘ते काकूंच्या कार्डावर. तुमच्या कार्डावर तुम्ही वाचायचं.’

आणि एका खोताच्या वाड्यातल्या तीन पिढ्यांची सहाशे चाळीस पानी कादंबरी माझ्या पुढ्यात आली. पाठीवर चिठ्ठी, 891.463. कित्येक वर्षं मला वाटायचं ही पुस्तकाची किंमत आहे. तो मराठी कथा-कादंबऱ्यांचा वर्गांक असतो. अर्थात हेही बाईंनीच सांगितलं, उभ्या उभ्या, वीस मिनिटांत.

कादंबरी टीव्हीशेजारी पंधरा दिवस पडून राहिली. परत द्यायला गेलो तर बाईंनी तारीखचिठ्ठीवर शिक्का मारायच्या आधी पानं फर्रकन फिरवली. 32 व्या पानावर एसटीचं तिकीट होतं. बाईंनी ते दोन बोटांत धरून माझ्याकडे पाहिलं. ‘हे मीच ठेवलेलं. जागचं हललं नाही.’

आमच्या दहावीच्या परीक्षेलासुद्धा इतका बंदोबस्त नव्हता.

पुस्तक माझ्यासोबत परत घरी आलं. पुढच्या वेळी मी शहाणा झालो. तिकीट काढून 600 व्या पानावर सरकवलं, कोपरे थोडे दुमडले, एका पानावर चहाचा थेंबही पाडला. (बाईंना कळलं तर दंड होईल. होऊ दे.) प्रश्न राहिला तोंडी परीक्षेचा. बाई शिक्का हातात धरून विचारतात, ‘शेवट कसा वाटला?’ आणि उत्तर मिळेपर्यंत शिक्का खाली येत नाही. मागे रांग थांबलेली असते, तिच्यातले सज्जन कान टवकारून ऐकत असतात.

मी आईला गाठलं. तिने ती कादंबरी दोनदा वाचलेली. शेंगा सोलता सोलता तिने सगळं सांगितलं. धाकटी सून वाडा विकायला निघते, थोरला येऊन कागद फाडतो, आणि शेवटी दोघं माजघरात बसून फणस फोडतात. मी पाठ केलं. स्कूटरवरसुद्धा म्हणत गेलो, थोरला, कागद, माजघर, फणस.

बाईंनी पानं फिरवली. तिकीट 600 वर. समाधानाने मान हलवली. शिक्का उचलला.

‘शेवट कसा वाटला?’

‘फणसाचा प्रसंग अंगावर आला,’ मी म्हटलं. ‘माजघरात दोघं जवळजवळ बसलेली, कागद फाटून पडलेला...’

शिक्का हवेतच थांबला. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

‘या कादंबरीत फणस नाही,’ बाई म्हणाल्या. ‘शेवटी वाडा जळतो. तुम्ही फणसाचं सांगणार, हे काकूंनी काल रात्रीच फोन करून कळवलंय.’

मग बाईंनी शांतपणे पंधरा दिवस पुढच्या तारखेचा शिक्का मारला, पुस्तक माझ्याच पिशवीत घातलं, आणि तिकीट परत 32 व्या पानावर ठेवलं.