नालेसफाई झाली, तरी पाणी का तुंबतं?

नमस्कार. मुंबईतल्या दादर-परळच्या सखल हिंदमाता चौकाबद्दल तुमचं म्हणणं असं: "उदंचन केंद्रं (पाणी उपसणारी पंपघरं), टाक्या, आराखडे ही सगळी कंत्राटदारांची कुरणं. ७ जूनच्या आत नाले नीट साफ करा, हिंदमाता तुंबणार नाही." यातलं निम्मं मला मान्य आहे.

३ मीटर रुंद, २ मीटर खोल नाल्यात ६० सेंटीमीटर गाळ बसला की ३० टक्के जागा गेली. सफाईने ती परत मिळते, म्हणून सफाई हवीच. पण गाळ वजनावर मोजला की चिखलातलं पाणी आणि डेब्रिजही काट्यावर चढतं. मोजायचा तो तळ. नाल्याच्या भिंतीवर दर २५-३० मीटरवर रंगाची खूण करायची आणि सफाईआधी व सफाईनंतर त्याच खुणेपासून खोली घ्यायची. वाळायला म्हणून काठावर टाकलेला गाळ वेळेत उचलला नाही, तर पहिल्याच सरीत तो परत आत.

आता न पटलेलं निम्मं. नाला आरशासारखा लख्ख असला तरी पाणी उतारानेच जाणार. मुंबईच्या १८६ पातमुखांपैकी (नाल्याचं पाणी समुद्रात वा खाडीत सोडणाऱ्या तोंडांपैकी) ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ त्या पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीच्या वर फक्त ६. तक्त्यात ४.५ मीटरची भरती दिसते ती चार्ट डेटमपासून, म्हणजे नकाशासाठी ठरवलेल्या नीचतम ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून, मोजलेली असते. त्याच मापात सरासरी पातळी अडीच मीटरच्या आसपास येते, म्हणजे समुद्र सरासरीहून २ मीटर वर. तेव्हा पातमुखाला दरवाजा नसेल तर खाडीचं पाणी नाल्यात शिरतं, आणि दरवाजा लावला तर पावसाचं पाणी आत अडकतं. ते उपसून पलीकडे टाकायलाच उदंचन केंद्र लागतं. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याबद्दलच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालातली आठ केंद्रं यासाठीच होती. त्यातली माहुल आणि मोगरा वर्षानुवर्षं रखडली. राग काढायचा तर त्यावर काढा.

हिंदमाताचं पावसाचं पाणी साठवणाऱ्या भूमिगत टाक्यांचा हिशेब साधा आहे. तासाला ५० मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला की ५ लाख लिटर पाणी. ते सगळं वाहून आलं असं धरलं, तर १ कोटी लिटरची टाकी २० हेक्टरचं पाणी एक तास झेलते. भरती उतरेपर्यंत दम धरायला याची मदत होते, पण ओहोटीत टाकी रिकामी केली नाही तर पुढच्या सरीला ती नुसता हौद.

वॉर्डाच्या तयारीत मला जास्त खटकतो तो तुंबलेलं पाणी उपसायचा भाड्याचा डिवॉटरिंग पंप. यादीत "पंप १" एवढंच असतं. त्याचा होज तुंबलेल्याच वाहिनीच्या पुढच्या मॅनहोलमध्ये सोडला, तर पाणी गोल फिरून त्याच चौकात येतं. सक्शनच्या जाळीवर दोन पिशव्या चिकटल्या की पंप धापा टाकतो, म्हणून जाळी साफ करायला एक माणूस तिथेच हवा. आणि डिझेल आदल्या रात्री भरायचं, पाणी गुडघ्यापर्यंत आल्यावर टँकर पोचत नाही.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला पुरता ७५सुद्धा नाही. म्हणून शहराची सरासरी वॉर्डाच्या कामाची नाही. वॉर्ड ऑफिसात जाल तेव्हा तुमच्या चौकाच्या पंपाची क्षमता, होजचं तोंड कुठे सोडणार ती जागा आणि जवळच्या पर्जन्यमापकाचं ठिकाण, एवढं लेखी मागा. सफाईचे फोटो त्यानंतर बघू.