वायमध्ये व, डब्ल्यूत ड

रविवारी सकाळी साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर विषय निघाला तो सुन्याच्या पोरामुळं. पोरगं इंग्लिश मीडियमला, दुसरीत. सुन्यानं फर्मान सोडलं, "काकांना स्पेलिंग म्हणून दाखव." पोरानं हात मागं बांधले आणि सुरू झालं, "सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. डी-ओ-जी डॉग..." दहा शब्द एका दमात. सुन्याची छाती फुगली. फुगणारच, फी भरताना मोबाईलच्या दुकानाची दोन महिन्यांची कमाई जाते त्याची.

दिल्या जावळी तालुक्यात झेडपीच्या दोन शिक्षकी शाळेवर मास्तर आहे. बशीतला चहा संपवून तो म्हणाला, "झकास. पण ह्यात वाचन कुठं आलं?"

"म्हणजे? स्पेलिंग पाठ आहे की त्याला!"

"पाठ आहे, तेच म्हणतोय. सी, ए, टी जोडून बघ. 'सीएटी' होईल, कॅट कसं होईल? मराठीत 'क'चं नाव क आणि आवाजही क. म्हणून 'कमळ' जुळतं. इंग्रजीत अक्षराचं नाव एक नि आवाज भलताच. एचमध्ये ह कुठाय? डब्ल्यूची सुरुवातच ड नं. आणि वाय म्हणताना तोंडातून व निघतो, वाचायचा मात्र य!"

मी मनातल्या मनात तीनदा 'वाय' म्हणून बघितलं. पन्नाशीला आलो, कधी लक्षात आलं नव्हतं.

नानांना हे पटणं शक्य नव्हतं. जन्म कलेक्टर कचेरीत गेला, टिपण्या इंग्रजीत लिहिल्या. "आम्ही पाचवीला एबीसीडी गिरवली. काय अडलं आमचं? 2000 साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोऱ्यांनी पहिलीपासून इंग्रजी आणलं आणि पोरांना धड मराठी येईना, धड इंग्रजी."

"मोऱ्यांनी आणलं ते बरंच केलं, नाना. नाहीतर सुन्याचं पोरगं केजीपासून एबीसीडी म्हणणार आणि माझ्या शाळेतलं पाचवीपर्यंत वाट बघणार. चुकलं ते पुढं. पाचवीची पद्धत आम्ही मास्तरांनी तशीच पहिलीला लावली. एबीसीडी, मग स्पेलिंग, मग दहा-दहा वेळा लिहा. चाररेघी वहीत अक्षर मोत्यासारखं, पण लिहिलेलं वाच म्हटलं की गप्प. मीसुद्धा सात-आठ वर्षं तेच केलं."

आता तो काय करतो, ते मात्र ऐकण्यासारखं होतं. अक्षरांची नावं तो आधी सांगतच नाही. स, ॲ, ट, इ, प, न एवढे सहाच आवाज घेतो. एवढ्यात टॅप, पिन, पॅन, टिन, नॅप, सॅट असे कितीतरी शब्द तयार होतात. पोराला बाराखडीची सवय असतेच; आवाजाला आवाज जोडायचा हे ते मराठीत शिकून बसलेलं असतं. इंग्लंडातही शाळा आता आवाजावरूनच वाचन शिकवतात. तिथं 2012 पासून पहिलीच्या पोरांची तपासणी होते, चाळीस शब्द वाचायचे. त्यातले निम्मे खोटे, कुठल्याच डिक्शनरीत नसलेले.

"खोटे कशाला?" सुन्या.

"पाठांतर पकडायला. माहीत नसलेला शब्द वाचला, तरच वाचता येतं म्हणायचं."

"आणि लिहायचं काय?" नाना.

"मी शब्द बोलतो, पोरं ऐकतात आणि लिहितात. कुणी कॅट के-ए-टी लिहिला तर सुरुवातीला मी खूश असतो. तीन आवाज नीट ऐकले की त्यानं."

नाना कट्ट्यावरून उठलेच. "चुकीला शाबासकी! उद्या अर्जात लिहील तो तसं!"

"पहिलीतला पोरगा कुठला अर्ज करतोय, नाना?"

मग दिल्यानं पिशवीतून खडू काढला (मास्तर रविवारीही खडू बाळगतो) आणि कट्ट्यावर लिहिलं, पी-आय-एम. सुन्याचं पोरगं बघत राहिलं. "पी, आय, एम... पी, आय, एम..." मग बापाकडं बघून म्हणालं, "हे बुकात नाहीये."

टपरीवाल्या मावशींचा नातू दिल्याच्याच शाळेत, तिसरीला. सुट्टीला आजीकडं आलेला. ग्लास विसळता विसळता वाकला नि म्हणाला, "प, इ, म. पिम. पिम म्हंजे काय ओ सर?"

दिल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण सुन्याही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. त्यानं नातवाला विचारलं, "व्हॉट डिड यू ईट टुडे?" नातू सरांकडं बघायला लागला. तोच प्रश्न स्वतःच्या पोराला केला. "आय ॲम ईट पोहे," पोरगं पटकन म्हणालं.

"चूक असंल, पण बोललं का नाही?"

दिल्या ओशाळला. "ते खरंय. वर्गात 'स्टँड अप', 'टच युअर नोज', 'मे आय ड्रिंक वॉटर' एवढं चालतं. त्यापुढं मीच घाबरतो रे. पोरांसमोर चुकलो तर? शीप आणि शिप मला तरी कुठं वेगळं म्हणता येतं? आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, बोलतो कुठं?"

यावर कुणीच काही बोललं नाही. नानांनी खडू उचलला, ओ-एन-ई लिहिलं. "आता हे वाच रे बाळा, आवाजावरनं."

"ऑ... न... ए. ऑने."

"वन! दिल्या, ह्याचं काय करणार?"

"असले थोडे शब्द पाठच करायला लागतात, नाना."

"मग शेवटी पाठांतरच ना!" नाना विजयी मुद्रेनं बसले.

तोवर नातू समोरच्या सुन्याच्या दुकानाची पाटी वाचायला लागला होता. "म, ऑ, ब, इ, ल, ए... मॉबिले." मावशींनी चहाचे पैसे मागितले तेव्हा सगळ्यांनी सुन्याकडं बोट दाखवलं. "मॉबिलेवाले देतील!"