देश विकायला काढताना घ्यायची काळजी

समजा, उद्या तुमच्या हाती एखादा देश आला. येतो कधीकधी. तुम्ही परंपरा मानणारे, खर्चाला जपणारे, ‘सरकारने लोकांच्या व्यवहारात नाक खुपसू नये’ या मताचे असाल, तर पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडेल: ही रेल्वे, हे पाणी, हा गॅस, हे टेलिफोन, एवढ्या पसाऱ्याचं करायचं काय? घाबरू नका. ब्रिटनने हा प्रयोग आधीच करून ठेवलाय. १९७९ ते १९९० मार्गारेट थॅचर बाईंनी पाया घातला, पुढच्यांनी मजले चढवले. तुम्ही फक्त गिरवायचं.

सत्तेवर येण्याआधी बेकारीबद्दल खूप वाईट वाटून घ्या. थॅचर बाईंच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाने १९७८ साली एक पोस्टर लावलं होतं: बेकारांची नागमोडी रांग, आणि वर तेव्हा सत्तेत असलेल्या मजूर (लेबर) पक्षाच्या नावावर कोटी, ‘लेबर इझन्ट वर्किंग’. (रांगेतले लोक बेकार नव्हते, हुजूर पक्षाचेच तरुण कार्यकर्ते होते. पण रांग चांगली दिसत होती.) तेव्हा देशात दहा लाखांहून जास्त बेकार होते. १९८२ च्या जानेवारीत ते तीस लाखांवर गेले. अशा वेळी दुसरं पोस्टर काढू नका, मोजदाद बदला. त्याच वर्षी ठरलं की कामासाठी नाव नोंदवणारे मोजायचे नाहीत, भत्ता घेणारेच मोजायचे. काही बेकार एका रात्रीत नाहीसे झाले, आणि नोकरी तर कोणालाच द्यावी लागली नाही.

करांचं सोपं आहे. सर्वांत श्रीमंतांच्या कमाईवरचा ८३ टक्के कर ६० वर आणा आणि त्याच अर्थसंकल्पात ८ टक्क्यांचा व्हॅट १५ करा. व्हॅटमध्ये पक्षपात नसतो. लॉर्डसाहेब आणि त्यांचा माळी, दोघंही छत्रीवर सारखाच कर भरतात. ३६४ अर्थतज्ज्ञ वर्तमानपत्रात पत्र लिहून ‘हे धोरण चुकतंय’ म्हणतील, तसं ते १९८१ मध्ये म्हणालेच. लक्ष देऊ नका. एवढे अर्थतज्ज्ञ एका मताचे झाले, हेच मुळात संशयास्पद.

आता पाणी. इथे जरा बैठक मारून शिका, कारण कारागिरी इथेच आहे.

स्पर्धा आली की माल स्वस्त आणि चांगला होतो, हे तुमचं ब्रीद. पण घरात नळ येतो एकाच पाइपातून. लंडनच्या माणसाला थेम्स वॉटर आवडली नाही म्हणून तो दुसऱ्या कंपनीचं पाणी घेऊ शकत नाही. त्याला घर बदलावं लागेल. म्हणजे गिऱ्हाईक पळून जाण्याची भीती नाही, आणि तहान तर रोज लागते. याहून मुक्त बाजार कुठला?

१९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या दहा पाणीसंस्था विकल्या. विकताना त्यांच्या डोक्यावरचं सुमारे ५ अब्ज पौंडांचं कर्ज सरकारने माफ केलं आणि वर दीड अब्ज रोख दिले. या रोख रकमेला तिकडे चक्क ‘हरित हुंडा’ म्हणत. लेक देणेकऱ्यांपासून सोडवून, अंगावर दागिने घालून सासरी पाठवली. सासरचे हुशार निघाले. त्यांनी तिच्या नावावर पुन्हा कर्ज काढलं आणि लाभांश वाटत राहिले. एकट्या थेम्स वॉटरचं कर्ज आता १५ अब्ज पौंडांच्या वर आहे. पाइप जुने झाले, गळू लागले, आणि २०२३ या एका वर्षात इंग्लंडच्या नद्यांत आणि समुद्रात मैलापाणी सोडण्याचे तास भरले ३६ लाख. वर्षात तास असतात ८,७६०. एकाच वेळी शेकडो तोंडं उघडी ठेवल्याशिवाय हे गणित जुळत नाही. सरकारी खात्याला जमलं असतं का हे?

एक पथ्य मात्र पाळा: लोकांना आधी विचारू नका. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइडमध्ये १९९४ साली विचारलं, तर ९७ टक्के लोक ‘नको’ म्हणाले. स्कॉटलंडचं पाणी अजून सरकारीच आहे. बिचारे.

घरांचंही लगेच उरका. १९८० च्या कायद्याने काउन्सिलच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) भाडेकरूंना राहतं घर विकत घेता येऊ लागलं, ३३ ते ५० टक्के सवलतीत. लोक खूश झाले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नाही. कोण नाही म्हणेल? तुमचं कौशल्य पुढे: आलेल्या पैशातून काउन्सिलने नवी घरं मोकळ्या हाताने बांधू नयेत, याची तजवीज करा. काही वर्षांत त्यातली बरीच घरं खासगी मालकांकडे जातात, ते ती भाड्याने देतात, आणि ज्या गरिबाला भाडं परवडत नाही त्याचं भाडं सरकार भरतं. आपणच बांधलेल्या, आपणच विकलेल्या घराचं.

रेल्वे १९९३ च्या कायद्याने फुंकली. सरकारला गाड्या चालवता येत नाहीत, हे त्यामागचं तत्त्व. मग त्या चालवायला जर्मन आणि डच सरकारांच्या कंपन्या आल्या. सरकार परकं असलं की कार्यक्षम होतं, असा सिद्धान्त असावा.

हे सगळं करताना घाई नको, एवढं हुजूर पक्षाच्याच पंतप्रधान लिझ ट्रस बाईंकडून शिका. २०२२ च्या सप्टेंबरात त्यांच्या अर्थमंत्र्यांनी ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसे कुठून येणार, हे सांगायचं राहिलं. ज्या बाजारावर बाईंची एवढी श्रद्धा, त्याच बाजाराने पौंड आपटला, सरकारी रोखे विकायला काढले, आणि पेन्शन फंड बुडू नयेत म्हणून बँक ऑफ इंग्लंडला धावावं लागलं. घरकर्जांचे हप्ते वाढले. पन्नासाव्या दिवशी बाईंचं पद संपलं.

तुमच्यावर ही वेळ आली तरी खचू नका. तिथे माजी पंतप्रधानांना सार्वजनिक कामांच्या कार्यालयीन खर्चापोटी वर्षाला १,१५,००० पौंडांपर्यंत मागता येतात. किती दिवस काम केलं, हे विचारत नाहीत. पैसे सरकार देतं.