७९२ किलोहर्ट्झ बंद का पडू नये : हिंजवडीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. मी लिहिलं होतं की पुण्यातल्या प्रत्येक घरात सेलवर चालणारा, मीडियम वेव्ह लागणारा एक तरी रेडिओ असावा आणि आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ "कोण ऐकतंय आता" एवढ्या कारणावरून कधी बंद पडू देऊ नये. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मीडियम वेव्हवर खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही, ॲपवर तेच स्टेशन स्वच्छ लागतं, मूठभर म्हाताऱ्या माणसांसाठी १०० किलोवॅटचा ट्रान्समीटर चालवणं ही नासाडी आहे, धोक्याची सूचना आता मोबाईलवरच येते आणि त्याला इंटरनेट लागतं हे मी चुकीचं लिहिलंय, आणि शेवटी एक वाक्य : "२५ जुलै २०२४ ला पहाटे एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा तुमची आकाशवाणी झोपलेली होती."

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते खरं आहे आणि मला ते लागलं. मी विठ्ठलवाडीत राहतो, नदीपासून थोडं वर, आमच्या इमारतीत पाणी आलं नाही पण खाली एकतानगरीत लोक गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर येत होते आणि आम्हाला ते उजाडल्यावर कळलं. खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग रात्रीत वाढत गेला, पुढे ३५ हजार क्युसेकच्या वर गेला, आणि हे ज्या वेळेला लोकांना कळायला हवं होतं त्या वेळेला रेडिओ बंदच होता, कारण आकाशवाणीची रात्रीची सभा, म्हणजे रात्रीचं प्रसारण, अकराच्या सुमाराला संपते ती पहाटेच पुन्हा सुरू होते. माझ्या लेखात हे यायला हवं होतं, आलं नाही. आणि हे एकदाच झालंय असंही नाही, २५ सप्टेंबर २०१९ ला आंबील ओढ्याला पूर आला तोही रात्रीच, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगरकडची माणसं गेली त्यात. पानशेत धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ च्या सकाळी, दिवसाउजेडी, पण आपल्या काळातले हे दोन्ही पूर रात्रीचे आहेत. तेव्हा जो रेडिओ रात्री झोपतो तो पुराला काय कामाचा, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

फक्त त्यातून तुम्ही काढलात तो निष्कर्ष मला पटत नाही. वॉचमन रात्री झोपतो म्हणून आपण वॉचमनची जागाच रद्द करत नाही, त्याला रात्री जागा ठेवतो. ट्रान्समीटर हडपसरला उभा आहे, स्टुडिओ शिवाजीनगरला आहे, मराठी बोलणारे निवेदक आहेत, बातम्या देणारी माणसं आहेत. जे नाहीये ते म्हणजे विसर्ग वाढवायचा निर्णय झाला की रात्री दोन वाजता माइक चालू करायची पद्धत. याच्यावर पुन्हा येतो शेवटी.

दुसरी चूकही कबूल. मोबाईलवरच्या सूचनेला इंटरनेट लागतं असं मी लिहिलं होतं ते चूक आहे. २०२३ साली चाचणी म्हणून आपल्या सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले होते ना, ते सेल ब्रॉडकास्ट, त्याला डेटा लागत नाही आणि लाइनी जाम असल्या तरी तो मेसेज पोचतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण जरा बघा की तो मेसेज लाइनी जाम असतानाही पोचतो कसा. तो तुम्हाला एकट्याला पाठवलेला नसतो, टॉवर तो एकदाच हवेत सोडतो आणि टप्प्यातला प्रत्येक फोन तो उचलतो, मग फोन शंभर असोत की पन्नास हजार. म्हणजे तुम्ही ज्याचं कौतुक करताय ते रेडिओचंच तत्त्व आहे! व्हॉट्सॲप, फोन कॉल, ॲपवरचं स्टेशन हे सगळं दुसऱ्या जातीचं, तिथे प्रत्येक माणसाला वेगळा धागा द्यावा लागतो, आणि ज्या दिवशी सगळ्यांना एकदम गरज पडते त्याच दिवशी धागे संपतात. त्या २५ तारखेला सकाळी माझ्या फोनवर चार दांड्या पूर्ण दिसत होत्या आणि धायरीला राहणाऱ्या बहिणीला लावलेला फोन चाळीस मिनिटं लागला नाही. आकाशवाणीला हा प्रकारच नाही. ७९२ वर एक माणूस ऐकत असेल काय आणि अख्खा जिल्हा ऐकत असेल काय, हडपसरच्या मास्टवर एका पैशाचाही जादा भार पडत नाही.

आणि टॉवरलाही वीज लागते हो. बॅटरी काही तास पुरते, पुढे डिझेल, आणि रस्ता पाण्याखाली असेल तर डिझेलची गाडी येणार कुठून. २८ एप्रिल २०२५ ला जवळजवळ अख्ख्या स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली तेव्हाचं आठवा, युरोपातले देश, आपल्यापेक्षा कितीतरी सधन, तिथे दुपार सरता सरता फोन मुके व्हायला लागले आणि लोक दुकानांत सेलवरचे रेडिओ शोधत होते, गाड्यांची दारं उघडी टाकून भोवती घोळका करून बातम्या ऐकत होते. माझं म्हणणं एवढंच आहे की असा दिवस आपल्याकडे यायच्या आधी रेडिओ घरात असावा.

शिवाय सूचनेचा मेसेज दोन ओळींचा असतो. "सावध रहा, नदीकाठी जाऊ नका." बरं, मग पुढे? कुठला पूल बंद, कुठल्या शाळेत सोय केलीये, विसर्ग वाढतोय का कमी होतोय, नळाला पाणी येणार का, हे तासन् तास कोणीतरी शांत आवाजात, मराठीत, पुन्हा पुन्हा सांगत राहायला लागतं. पुराच्या त्या सकाळी आमच्याकडे लाइट नव्हते, टीव्ही बंद, माझा फोन बारा टक्क्यांवर, आणि आईच्या उशाशी असलेल्या छोट्या रेडिओवर प्रादेशिक बातम्यांत धरणाचे आकडे सांगत होते. जिन्यात शेजारची सात-आठ माणसं जमली होती ऐकायला. त्यातला एक मुलगा पंचवीस-सव्वीसचा असेल, त्याने आयुष्यात पहिल्यांदा मीडियम वेव्ह ऐकली त्या दिवशी. त्यामुळे मूठभर म्हाताऱ्यांचा मुद्दा मला मान्य नाही. रोज कोण ऐकतं आणि गरजेला कोण ऐकेल हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि रेडिओ ऐकणाऱ्याची नोंद आपोआप होत नसते, म्हणून "कोणी ऐकत नाही" हे वाक्य फार सहज फेकता येतं.

आता खरखर. इथे मला तुमच्याशी मनापासून बोलायचंय, कारण तुम्ही प्रयत्न केलात, कपाटातून वडिलांचा रेडिओ काढलात, लावलात आणि नुसती घरघर ऐकून बंद केलात. ती घरघर बहुतेक आकाशवाणीची नाहीये, तुमच्या घरातली आहे. स्वस्तातले एलईडी बल्ब, लॅपटॉपचे आणि मोबाईलचे चार्जर, सेट टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर, या सगळ्यांत स्विचिंगचं सर्किट असतं आणि ते नेमकं मीडियम वेव्हच्या पट्ट्यात गोंगाट करतं. आमच्याकडेही हेच होतं, आई म्हणायची स्टेशन बिघडलंय. मग एका रविवारी मी रेडिओ हातात धरून बसलो आणि ती एकेक बटण बंद करत गेली. पॅसेजमधला बल्ब बंद केला आणि निम्मा आवाज गेला, माझा लॅपटॉपचा चार्जर काढला आणि उरलेल्यातला बराचसा गेला. बल्ब बदलला, चार्जर रेडिओपासून लांब नेला, काम झालं, खर्च एका बल्बाचा.

दुसरी गोष्ट, रेडिओ फिरवून बघा. वर ओढायची जी कांडी असते ती एफएमसाठी, मीडियम वेव्हचा अँटेना आत असतो, फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर तांब्याची तार, आणि ती दिशा पाळते. एका बाजूने स्टेशन मोठं लागतं, तिथून काटकोनात फिरवलं की जवळजवळ नाहीसं होतं. लोक रेडिओ टेबलावर ठेवतात आणि काटा फिरवत बसतात, फिरवायचा असतो रेडिओ. आणि तुमचा फ्लॅट आरसीसीचा, भिंतीभिंतीत सळया, तेव्हा खिडकीशी किंवा गॅलरीत ठेवा. डिजिटल आकड्यांचा सेट घेतलात तर त्यात ९ किलोहर्ट्झच्या पायऱ्या आहेत ना बघून घ्या, आपल्याकडची स्टेशनं नवाच्या पटीत असतात, ७९२ म्हणजे नऊ गुणिले अठ्ठ्याऐंशी, मुंबईची ५५८ आणि १०४४ सुद्धा तशीच. अमेरिकेसाठीच्या सेटमध्ये दहाच्या पायऱ्या असतात, तो ७९० वर थांबतो नाहीतर ८०० वर, आणि माणूस स्टेशनला नावं ठेवतो.

एफएम का नको असंही विचारलंत. नको नाहीच, विविध भारतीचं १०१ आमच्याकडे दिवसभर चालू असतं, विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे तीही मी आवडीने ऐकतो. पण एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की संपलं. ७९२ ची लहर साधारण ३७८ मीटर लांबीची, ती जमिनीला धरून डोंगर ओलांडून पलीकडे उतरते. माझी मावशी वेल्ह्याकडे राहते, तिच्या गावात पावसाळ्यात फोनची रेंज दोन-दोन दिवस नसते, एफएम कधीच लागलं नाही, आकाशवाणी पुणे मात्र गोठ्यातसुद्धा लागतं. आणि खाजगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, द्यायच्या तर आकाशवाणीच्याच जशाच्या तशा, मग पुराच्या दिवशी ते फार तर प्रशासनाने दिलेल्या सूचना वाचून दाखवणार, स्वतःची बातमी नाही.

फोनमधलं एफएम म्हणाल तर २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपन्यांना कळवलं होतं की फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करून ठेवू नका. चांगलं केलं. पण इअरफोनची वायर हाच फोनच्या एफएमचा अँटेना असतो आणि आता फोनला ती पिनच नसते, ब्लूटूथवर ते काम होत नाही. थेट फोनवर प्रक्षेपण पकडायचं नवं तंत्र येऊ घातलंय, डीटूएम म्हणतात ते, त्याच्या चाचण्या प्रसार भारतीने केल्यात, आलं तर मला आनंदच आहे, कारण तेही एकाकडून सगळ्यांना याच जातीचं आहे. पण तसे फोन घरोघरी पोचेपर्यंत जे हातात आहे ते मोडून टाकू नका.

पैशाचा हिशोब. ट्रान्समीटर पूर्ण १०० किलोवॅटवर चालतो असं धरा, त्याला ओढ लागते समजा दीडशेची, सतरा तास, म्हणजे दिवसाला अडीच हजार युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर पंचवीस हजार रुपये रोज. आकडा ढोबळ आहे पण पुणे जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ९४ लाख, माणशी दिवसाला पाव पैशाच्या आसपास पडतं. मला हे महाग वाटत नाही.

आणि आपण गप्प बसलो की गोष्टी कशा जातात तेही बघितलंय. सिंहगडाकडे तोंड करून लावलेले टीव्हीचे अँटेने आठवतात ना, दूरदर्शनचे जमिनीवरचे ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत देशभर जवळजवळ सगळे बंद झाले आणि कोणी हूं की चूं केलं नाही. २०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला न्यायचं ठरलं होतं, तेव्हा मात्र पुणेकर बोलले, आणि निर्णय थांबला. पानशेतच्या पाण्याची बातमी पुण्यातल्या माणसानेच द्यायला हवी असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

तर रात्रीच्या सभेबद्दल. मी आकाशवाणीच्या पुणे केंद्राला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला पत्र लिहायला घेतलंय : जून ते ऑक्टोबर, खडकवासल्यातून विसर्ग वाढवायचं ठरेल त्या रात्री ७९२ बंद करू नये, दर पंधरा मिनिटांनी आकडा आणि पाणी शिरू शकेल अशा वस्त्यांची नावं सांगावीत. आणि सेल ब्रॉडकास्टच्या मेसेजमध्येच "आकाशवाणी ७९२ लावा" एवढे शब्द घालावेत, म्हणजे झोपलेल्याला फोन उठवेल आणि पुढचं रेडिओ सांगेल. ही दुसरी मागणी तुमच्या प्रतिक्रियेमुळेच सुचली. कच्चा मजकूर आज रात्री तुम्हाला पाठवतो, सेल ब्रॉडकास्टचा भाग तुम्ही तपासा, तिथे माझी पुन्हा चूक व्हायला नको. आणि उद्या सकाळी सातला चार्जर काढून, गॅलरीत उभं राहून, वडिलांचा रेडिओ एकदा फिरवून बघा.