रोज दोन हजारांचा फॉरवर्ड आणि ७५ चा लॉट

व्हॉट्सअॅप-टेलिग्रामवर एक मेसेज फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच: दहा चार्ट पॅटर्न (भावाच्या आलेखातल्या ठरावीक आकृत्या) पाठ करा, ते ८० टक्के वेळा चालतात. निफ्टी फ्युचर्सचा (निर्देशांकाच्या पुढच्या तारखेच्या भावावरचा करार) एक लॉट (ठरलेला किमान गठ्ठा) घ्या, रोज दोन हजार काढून बाहेर पडा. स्टॉपलॉस (भाव ठरलेल्या पातळीपर्यंत उलटा गेला की सौदा तोडणारी ऑर्डर) लावला की तोटा मर्यादित. बुडतात ते न शिकता आलेले. यातलं एकेक वाक्य सुटं वाचलं तर पटण्यासारखं आहे. चारही एका कागदावर मांडून बेरीज-वजाबाकी केली की मात्र घोळ दिसतो.

‘पॅटर्न ८० टक्के वेळा चालतात.’

कुणी मोजले, कोणत्या टाइमफ्रेमवर (पाच मिनिटांचा चार्ट की दिवसाचा), ‘चालला’ म्हणजे किती पॉइंट, यातलं काहीही मेसेजमध्ये नसतं. पॅटर्न थोतांड आहेत असं मी म्हणत नाही. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकी शेअर्सचे ३५ वर्षांचे भाव संगणकाने तपासले आणि काही आकृत्यांमध्ये थोडीफार उपयोगी माहिती असते असं दाखवलं. त्यातून नफा होईलच असं नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. त्याआधी १९५९ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या हॅरी रॉबर्ट्स यांनी निव्वळ यादृच्छिक आकड्यांचे आलेख काढले, तर ते हुबेहूब शेअर बाजाराच्या चार्टसारखे दिसले. कालच्या चार्टवरचा डबल बॉटम (भावाने दोनदा गाठलेला तळ) शाळकरी पोरगंही बोट ठेवून दाखवेल. चालू बाजारात उजवी बाजू कोरी असते आणि तो दुसरा तळ आहे की पडता पडता घेतलेला श्वास, हे तेव्हा कळत नाही.

तरीही वादापुरते ८० टक्के मान्य करू. कारण खरी गोम पुढच्या मुद्द्यात आहे.

‘एक लॉट, रोज दोन हजार.’

नोव्हेंबर २०२४ मध्ये निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. पुढे तो ६५ वर आला, पण त्याने चित्र फारसं पालटत नाही, म्हणून ७५ च धरू. निफ्टी २३,००० ला असेल तर एक लॉट म्हणजे सव्वासतरा लाखांचा सौदा. मार्जिन (अनामत) दोन-अडीच लाख भरायचं, पण नफा-तोटा सव्वासतरा लाखांवर. दोन हजार मिळवायला जेमतेम २७ पॉइंट लागतात, म्हणून ते सोपं वाटतं.

आता स्टॉपलॉस कुठे लावणार? पॅटर्नचा नियमच सांगतो: डेली चार्टवर बुलिश एन्गल्फिंग (आदल्या दिवसाची पडती कँडल झाकून टाकणारी तेजीची कँडल) दिसली तर त्या कँडलच्या लो म्हणजे नीचांकाच्या खाली. तो लो एंट्रीपासून १८० पॉइंट लांब असणं ही रोजचीच गोष्ट. म्हणजे १३,५०० रुपये. दहा सौद्यांपैकी आठ जिंकले: १६,०००. दोन हरले: २७,०००. ऐंशी टक्के बरोबर येऊन खिशातून अकरा हजार गेले.

बरं, स्टॉप जवळ आणावा तर? भांडवलाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त जोखीम नको, हा नियम सगळेच क्लासवाले शिकवतात. अडीच लाखांचे दोन टक्के पाच हजार, भागिले ७५, म्हणजे ६६ पॉइंट. निफ्टी एवढं तर चहा होईपर्यंत हलतो. स्टॉप उडतो आणि मग भाव तुमच्याच दिशेने जातो. पॅटर्न बरोबर, पैसे गेलेले. नवख्याला वाटतं आपल्याला चार्ट नीट वाचता आला नाही, म्हणून तो अकरावा पॅटर्न शिकायला जातो. वाचन ठीकच होतं. त्याच्या भांडवलाला तो लॉट झेपणारा नव्हता.

खर्चाचं थोडक्यात: १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचर्स विक्रीवरचा एसटीटी (सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स) ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला होता. त्या दराने या सौद्यावर ३४५ रुपये. ब्रोकरेज, एक्स्चेंजचे चार्जेस, स्टॅम्प ड्युटी, जीएसटी धरून पाचशेच्या आसपास. दोन हजारांतला पाव हिस्सा तिथेच संपला.

‘स्टॉपलॉस लावला की तोटा मर्यादित.’

बाजार चालू असताना, बहुतेक वेळा, हो. पण पोझिशन घरी नेली, म्हणजे सौदा रात्रभर चालू ठेवला, तर ७ एप्रिल २०२५ आठवा. शुक्रवारी निफ्टी २२,९०४ ला बंद झाला. ट्रम्प यांच्या टॅरिफला चीनने प्रत्युत्तर दिलं, मध्ये शनिवार-रविवार गेले, आणि रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, निफ्टी थेट २१,७५८ ला उघडला. अधल्यामधल्या भावांना सौदाच झाला नाही. शंभर पॉइंटवर स्टॉप ठरवून ७,५०० चं मन तयार केलेल्याला निर्देशांकाच्या हिशेबाने ८६,००० च्या घरात फटका. शिवाय नेहमीची स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, संध्याकाळी रद्द होते, हेही अनेकांना पहिला दणका बसल्यावर कळतं.

‘बुडतात ते न शिकलेले.’

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: तीन वर्षांत एफअँडओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात. यावर फॉरवर्डवाले म्हणतात, ती तर ऑप्शनवाल्यांची गर्दी. आक्षेप रास्त आहे. म्हणून निव्वळ फ्युचर्सचं बघू. ब्राझीलमध्ये शेअर निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये २०१३ ते २०१५ दरम्यान डे ट्रेडिंग (त्याच दिवशी घेऊन विकणं) सुरू केलेल्यांचा संशोधकांनी माग काढला. त्यातले ३०० हून जास्त दिवस चिकाटीने टिकलेले वेगळे काढले. हे काही हौसे-गवसे नव्हेत. त्यांच्यातले ९७ टक्के तोट्यात निघाले, आणि तिथल्या किमान वेतनापेक्षा जास्त कमावणारे १.१ टक्के.

ज्याला पॅटर्न शिकायचेच आहेत त्याने खुशाल शिकावेत, कॅशमध्ये, म्हणजे फ्युचर्सऐवजी थेट दहा-वीस शेअर घेऊन. फ्युचर्सच हवं असेल तर एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजवर गोल्ड पेटल हा सोन्याचा करार आहे, एक ग्रॅमचा लॉट. भाव शंभर रुपये उलटा गेला तर शंभरच रुपये जातात. तिथे सहा महिने प्रत्येक सौदा खर्चासकट वहीत लिहा. त्यातून रोज दोन हजार अर्थातच निघणार नाहीत, आणि म्हणूनच त्याचा फॉरवर्ड कुणी बनवत नाही.