आयप्टेसिया खरवडावा की नाही: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या आयप्टेसियाबद्दल (दगडाला चिकटून पसरणारं, नकोसं छोटं समुद्रफूल) मी जे लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. 'खरवडू नका' ही मी उगाच घातलेली भीती आहे, कारण तुम्ही ब्लेडने सगळे काढले आणि महिनाभर एकही दिसला नाही. आयप्टेसिया खाण्यासाठी ठेवतात ती कोळंबी, म्हणजे पेपरमिंट श्रिंप, कुचकामी आहे, तुमच्या श्रिंपने त्यांना तोंडसुद्धा लावलं नाही. आणि दगड बाहेर काढून उकळला की प्रश्न मिटतो, हे मी सरळ सांगायला हवं होतं.

आधी उकळण्याचं बोलतो, कारण त्यात माणसांच्या जिवाला धोका आहे. लाइव्ह रॉक, म्हणजे टाकीतला जिवाणू आणि छोटे जीव वसलेला दगड, कधीही उकळू नका. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (प्रवाळांसारखे छोटे जीव) असतील, अगदी चिरेत लपलेले चार-दोन असतील, तरी त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. हे विष उष्णतेने सहज नष्ट होत नाही. उकळताना ते वाफेबरोबर हवेत जातं आणि घरातला प्रत्येक जण ते श्वासातून आत घेतो. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतलं प्रवाळ साफ करताना हे विष पसरलं. घरातली माणसं आणि मदतीला आलेले अग्निशमन दलाचे जवान, सगळ्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. शिवाय उकळलेल्या दगडातले उपयोगी जिवाणू मरतात, आत जे मेलं ते सडतं, आणि तोच दगड परत टाकीत ठेवला की अमोनिया चढतो. तुमच्या प्रतिक्रियेखाली दोघांनी 'करून बघतो' असं लिहिलंय, म्हणून हे इतक्या ठासून सांगतोय. कृपया करू नका.

आता खरवडण्याचं. तुम्ही जे काढलंत ते आयप्टेसियाचं धड होतं. त्याचा तळवा दगडाच्या छिद्रांत घट्ट बसलेला असतो, आणि त्या तळव्याचा बारीकसा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. कोणी न छेडताही तो असाच वाढतो: दगडावरून सरकताना तळव्याचे कण मागे टाकत जातो आणि प्रत्येक कणाचा नवा आयप्टेसिया होतो. ब्लेडने तेच काम जोरात होतं, आणि सुटलेले तुकडे प्रवाहाबरोबर ओव्हरफ्लोत (पाणी खाली उतरवणाऱ्या खणात), संपमध्ये (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत), पंपाच्या मागे जाऊन बसतात. हे पिल्लू डोळ्यांना दिसण्याइतकं मोठं व्हायला आठवडे लागतात, त्यामुळे महिनाभर काही न दिसणं हा पुरावा धरता येत नाही. रात्री टॉर्च घेऊन संप आणि दगडांच्या सावलीकडच्या बाजू तपासा.

तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र बरोबर आहे आणि ती मी मनापासून मान्य करतो. एक-दोनच आयप्टेसिया असतील आणि दगड बाहेर काढता येत असेल, तर चुन्याची पेस्ट-बिस्ट करत बसायची गरज नाही. दगड टाकीबाहेर घ्यायचा, हातमोजे आणि चष्मा घालायचा, आणि छिन्नीने आयप्टेसियाखालचा दगडाचा टवकाच उडवायचा. तळवा दगडासकट जातो.

बाहेर न निघणाऱ्या दगडावर मी चुन्याची पेस्टच वापरतो. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड थोड्या आरओ पाण्यात दह्याइतकं घट्ट कालवायचं, सगळे पंप बंद करायचे आणि सिरिंजने हळूच त्याच्या तोंडावर सोडायचं. घाई केली की तो आक्रसून भोकात शिरतो, मग वरून कितीही ओता. याचा पीएच १२च्या वर असतो, म्हणून एका बैठकीत मोजक्याच आयप्टेसियांवर लावायचं, शेजारच्या प्रवाळावर सांडू द्यायचं नाही आणि टाकीच्या पीएचवर लक्ष ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेली पेस्ट नळीने ओढून घ्या, मगच पंप सुरू करा.

श्रिंपबद्दल. तुमचा श्रिंप नक्की पेपरमिंटच आहे ना, हे आधी बघा. पाठीला कुबड, अंगावर ठळक लाल-पांढरी नक्षी आणि मोठे डोळे असतील तर तो कॅमल श्रिंप. तो आयप्टेसिया सोडून प्रवाळच कुरतडतो. खऱ्या पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक असतं आणि त्यावर बारीक लाल रेघा असतात. तोही पोट भरलेलं असताना आयप्टेसियाकडे फिरकत नाही, आणि मोठ्यांपेक्षा लहान आयप्टेसिया आधी खातो. तुम्ही रोज दोनदा गोठवलेलं खाद्य टाकता असं लिहिलंय. त्या खाद्यावर श्रिंपही जगतो आणि आयप्टेसियाही फोफावतो. खाद्य कमी केल्याशिवाय कोणताही उपाय टिकणार नाही.

काहींनी दिवे बंद ठेवण्याचा सल्ला दिलाय. प्रवाळ त्याने आधी जाईल. आयप्टेसियाच्या अंगातलं शैवाल गेलं तरी अन्न मिळत राहिलं की तो अंधारात जगतो. याच चिवटपणामुळे प्रवाळ आणि शैवालाचं सहजीवन अभ्यासणारे शास्त्रज्ञ त्याला प्रयोगशाळेत वाढवतात. त्याचा जनुकसंच २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला ज्याचा उच्छाद वाटतो, त्याच्यामुळे प्रवाळ पांढरं का पडतं हे शोधायला मदत होते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संपमध्ये खरंच पिल्लं सापडली तर बर्गिया या समुद्री गोगलगायीचा विचार करा. ती फक्त आयप्टेसिया खाते आणि भोकात दडलेलेही शोधून काढते. ती निशाचर आहे, सावकाश काम करते, आणि रॅस मासे किंवा श्रिंप तिला खाऊन टाकू शकतात. तेव्हा पेपरमिंट आणि बर्गिया एकाच टाकीत नकोत. आयप्टेसिया संपले की ती उपाशी मरते, म्हणून त्याआधीच ती दुसऱ्या कुणाच्या टाकीत द्यायची सोय करून ठेवा.

पण त्याआधी एक फोटो पाठवा. शुंडकं आखूड, हिरवट आणि टोकाशी फुगीर असतील तर तो आयप्टेसिया नसून मॅजानो, म्हणजे दुसऱ्या जातीचं समुद्रफूल आहे. बर्गिया त्याला तोंड लावत नाही. तिथे छिन्नी आणि पेस्ट हेच खरे.